भिंतीकडे वळलेली मान

मित्रांनो, मी एक जुना उभा पंखा आहे. आवाजावरून तुम्ही ओळखलंच असेल. नव्या पंख्यांची पाती कुजबुजतात, माझी खडखडतात. माझी जाळी एका बाजूनं चेपलेली आहे, एका पायाखाली रबराऐवजी बाटलीचं बूच आहे आणि मानेवर इस्त्रीचा एक चटका आहे. त्या चटक्याची गोष्ट मजेची आहे. पुढची तेवढी मजेची नाही, पण सांगायला हवी.

आधी एक गैरसमज दूर करतो. लोकांना वाटतं, पंख्याच्या पोटात वारा भरलेला असतो आणि बटण दाबलं की तो बाहेर येतो. तसं नाही. माझ्याजवळ माझं असं काहीच नाही. मागची हवा मी पुढे ढकलतो, एवढंच. मागे गारवा असेल तर गारवा देतो. मागे भट्टी असेल तर भट्टी देतो. हे लक्षात ठेवा. माझा सगळा जन्म या एका गोष्टीवर फिरला.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथं एक बाई दिवसभर तांब्याची तार गुंडाळत बसायची. तिनंच माझ्या पोटात तार भरली, पाती चढवली, मला उभं केलं, बटण दाबलं आणि समोर उभी राहून क्षणभर डोळे मिटले. "चालतंय," ती म्हणाली. मित्रांनो, पहिलं कौतुक म्हणतात ते माझ्या वाट्याला एवढंच आलं. मला ते पुष्कळ झालं.

दुकानाच्या काचेत काही दिवस उभा राहिलो आणि मग दोघी बायका मला घ्यायला आल्या. एकीनं माझी जाळी ठोकून पाहिली, दुसरीनं मान फिरते का ते पाहिलं. त्या नणंदा-भावजया होत्या. नणंदेला भावजय 'वन्सं' म्हणायची आणि भावजयीला नणंद 'वहिनी' म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. वहिनीचा नवरा, म्हणजे वन्संचा भाऊ, लवकर गेला. त्याच्या मागे या दोघींना एकमेकींशिवाय कोणी उरलं नाही, आणि एकमेकींवाचून त्यांचं पानही हलत नव्हतं. हे दोघींनी कधी कबूल केलं असतं, असं मात्र मला वाटत नाही.

घर म्हणजे चौथ्या मजल्यावरची एक मोठी खोली, वर उघडी गच्ची. खोलीत दोन टेबलं, दोन इस्त्र्या आणि शर्टांचे गठ्ठे. शर्टांच्या कारखान्यातून शिवलेला माल यायचा. त्याला इस्त्री करायची, कॉलरमध्ये पुठ्ठा घालायचा, घडी घालून टाचण्या लावायच्या आणि गठ्ठा परत पोचवायचा. दोन इस्त्र्या आणि एक पंखा, म्हणजे दिवसभर भांडण ठरलेलं. मला दोघींच्या मधे उभं करत आणि माझी मान इकडून तिकडे, तिकडून इकडे आपोआप फिरायची.

"बघ, तुझ्याकडे जास्त वेळ थांबतो हा," वन्सं म्हणायच्या.

"मशीन आहे ते वन्सं, त्याला काय नात्यागोत्याचं कळतंय?"

"कळतं. तुझ्याकडे पोचला की जिवावर येतं त्याला परत फिरायला."

आणि मग वन्सं इस्त्रीच्या तालावर गायच्या. गाणं त्यांचं त्यांनीच जुळवलेलं होतं:

*इस्तरी फिरते बाई, कॉलरच्या कडेकडे*
*वारा कसा गं जातो, वहिनीच्याच कडे*

वहिनी रागावल्याचं दाखवायची आणि टाचण्या ओठांत धरून हसायची. ओठांत टाचण्या असताना हसू नये, पण ती हसायची.

एक दिवस वन्संनी माझी मान धरून आपल्याकडे ओढली. वहिनीनं तिच्याकडे ओढली. आत काहीतरी कट्कन मोडलं. त्याच झटापटीत वन्संच्या हातातली इस्त्री माझ्या मानेला टेकली. मग वन्सं म्हणाल्या, "पंख्यालासुद्धा इस्त्री केली मी. आता याला टाचण्या लाव आणि दे पाठवून कारखान्यात." दोघी इतक्या हसल्या की खालची शेजारीण वर बघायला आली.

तेव्हापासून माझी मान आपोआप फिरेनाशी झाली. हातानं वळवावी लागे, आणि वळताना करकरे. त्यामुळे भांडणाला आणखी जोर आला, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. दिवसातून कितीदा तरी कुणाचा ना कुणाचा हात माझ्या मानेवर असायचा. यंत्राला याहून जास्त काय हवं?

पुढे समोरच्या बाजूला एक उंच काचेची इमारत उभी राहिली. तोवर ऊन फक्त वरून यायचं. आता ते काचेवर आपटून समोरूनही येऊ लागलं. दर उन्हाळा आधीच्यापेक्षा लांबत होता. आणि मग तो आठवडा आला. त्या आठवड्यात ऊन पडत नव्हतं, ऊन मुक्कामाला आलं होतं. रात्रीसुद्धा छत निवत नव्हतं. नळाचं पाणी कढत यायचं. भिंतीला पाठ टेकली की भिंत पाठ सोडायची नाही.

त्या दिवशी सकाळी वन्संनी इस्त्री लावलीच नाही.

"डोकं जड झालंय गं," त्या म्हणाल्या.

"मग आज कामाला हात लावू नका. नुसत्या बसा."

"बसा म्हणे! आणि गठ्ठा कोण पोचवणार? तुझा मामा?"

"मी पोचवते. तुम्ही फक्त भांडू नका."

"तू गेल्यावर भांडायला आहे कोण इथं? भिंतीशी भांडू?"

वहिनीला निघायची घाई होती. तिनं खुर्ची खोलीच्या मध्यावर ओढली, वन्संना बसवलं, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. मला उचलून अगदी त्यांच्या समोर आणलं, मान नीट त्यांच्या तोंडावर धरली आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं.

"हे घ्या. अख्खा वारा तुमचा. आता तरी म्हणू नका, वहिनीकडे जातो. आणि त्याला हलवू नका, सांगून ठेवते."

"जा बाई, जा. तुझा वारा तुलाच लखलाभ."

वहिनी चिडली होती की हसत होती, मला दिसलं नाही. बाहेरची झळ आत येऊ नये म्हणून तिनं खिडक्या लावल्या, पडदे ओढले, गठ्ठा काखेत मारला आणि गेली.

मित्रांनो, वहिनीनं जे केलं ते सगळ्यांनी केलं असतं. माणूस तापलंय, त्याला पंखा लावा. चूक म्हणायची तर एवढीच, की पंख्याला पाठ असते आणि पाठीमागे काय आहे ते कुणी बघत नाही. माझ्यामागे तापलेलं छत होतं, कोंडलेली खोली होती, समोरच्या काचेवरून पडद्यांवर आपटणारं ऊन होतं. मी ते सगळं उचलून वन्संच्या तोंडावर टाकत होतो. जेवढा जोर होता तेवढ्या जोरानं टाकत होतो.

त्या सुरुवातीला डोळे मिटून बसल्या. तांब्या संपला. कपाळावरचा घाम वाळला आणि परत आला नाही. मग त्यांनी डोळे उघडले, हात लांब केला आणि माझी मान धरली. करकर झाली. त्यांनी माझं तोंड भिंतीकडे वळवलं.

"पुरे रे," त्या म्हणाल्या. "भाजतंय."

रागानं नाही. दमलेलं माणूस पांघरूण सारतं ना, तसं. उठायचं त्यांच्या अंगात उरलं नव्हतं. मी भिंतीला वारा घालत राहिलो. माझ्या पाठीमागे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं.

कारखान्यात वहिनीला ताटकळत ठेवलं होतं. ती परतली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दार उघडताच तिनं आधी मला पाहिलं. भिंतीकडे तोंड करून फिरणारा मी. "हलवू नका म्हटलं होतं ना!" एवढं ती म्हणाली. मग तिची पावलं खुर्चीकडे धावली.

नंतर पुष्कळ माणसं आली. डॉक्टर आले. खालची शेजारीण सारखी म्हणत होती, "अहो, पण पंखा तर चालू होता! मग कसं काय?" मी भिंतीकडे वळलेला होतो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही आणि वहिनीनं ते कुणालाच सांगितलं नाही.

सगळे गेल्यावर तिनं माझ्यावर एक उशीचा अभ्रा चढवला. चढवताना माझ्याशी बोलली. ती माझ्याशी बोलली ती तेवढीच.

"एवढा राग? मी लावून दिलेला वारासुद्धा नको झाला त्यांना?"

मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. आलं असतं तर तिथंच सांगितलं असतं.

मग काहीच झालं नाही. मी हे मुद्दाम सांगतो, कारण गोष्टीत नेहमी काहीतरी होत असतं. इथं झालं नाही. वहिनी घरातलं काम सोडून कारखान्याच्या दालनात इस्त्री करायला जाऊ लागली. सकाळी जायची, संध्याकाळी यायची. रडली नाही. मोठ्यानं बोलली नाही. दुसऱ्या टेबलावर काही ठेवलं नाही आणि ते काढलंही नाही. मी कोपऱ्यात अभ्र्याखाली उभा होतो. माझी मान कोणी सरळ केली नाही. अभ्र्याच्या विणीतून उजेड यायचा आणि जायचा. पात्यांवर धूळ बसली. धूळ बसते तेव्हा आवाज होत नाही.

पुढच्या वर्षी उन्हाळा सुरू व्हायच्या आधी एक बाई घरी आली. केसांत पेन्सिल खोचलेली, एका जागी ठरत नव्हती. तिच्या सोबत्यांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं, हे मला मागाहून कळलं. ती चित्रं काढायची. पण भिंतीवर टांगायची चित्रं नव्हेत. माणूस आत जाईल आणि चित्रच त्याला चहूबाजूंनी घेरेल, अशा खोल्या ती रचायची. ज्या घरांतलं माणूस गेल्या उन्हाळ्यात उन्हानं गेलं, त्या घरांत जाऊन ती एकेक वस्तू मागत होती.

"आकडे सगळ्यांनी वाचलेत, काकू," ती म्हणाली. "वाचून पान उलटतात. मला त्यांना त्या दुपारात बसवायचंय."

वहिनीनं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "तो न्या. खुर्चीही न्या. मला दोन्ही डोळ्यांसमोर नकोत."

"परत हवं असेल तर..."

"नको."

"बघायला तरी याल?"

"काय बघू? उन्हाळा? तो घरपोच येतो मला."

मला जिथं नेलं तो बंद पडलेला बर्फाचा कारखाना होता. जाड भिंती, कोरडे हौद. मधोमध भिंगरीनं एक खोली उभी केली होती. वर पत्रा, तीन बाजूंना पडदे आणि पडद्यांवर हलतं चित्र: दुपारचा रस्ता, एकही माणूस नाही, समोर पांढरी आग ओकणारी काच. कुठूनतरी नळाची फुसफूस ऐकू यायची. खुर्ची मध्यावर ठेवली, समोर मला. तिच्या सोबत्यांतल्या दिवेवाल्यानं माझा अभ्रा काढला, मान सरळ केली, बटण लावलं. मी खडखडलो.

"जिवंत आहेत की आजोबा!" दिवेवाला म्हणाला.

आणि पहिल्याच दिवशी सगळं फसलं. लोक आत आले, चित्रं पाहून "बाप रे" म्हणाले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मुलांनी तोंड जाळीजवळ आणून "आऽऽऽ" केलं, कारण माझ्या पात्यांतून आवाज थरथरतो. कॉलर सैल करत एक साहेब म्हणाले, "वा! काय वारा आहे! आमच्या कचेरीत असा एक पाहिजे." बाहेर पडताना सगळे ताजेतवाने दिसत होते.

भिंगरी जमिनीवर बसली. एरवी ती कधी बसायची नाही.

"ताई," दिवेवाला म्हणाला, "तुम्ही लोकांना होरपळ दाखवायला बोलावलंत, आणि ते हवा खायला येतायत."

"खोटं आहे ना हे," ती म्हणाली. "डोळ्यांना उन्हाळा दाखवला मी. अंगाला गारवाच दिला." ती उठून माझ्यामागे गेली. बर्फाच्या कारखान्याची थंड भिंत तिथं होती. तिनं त्या भिंतीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. माझ्या मागे काय आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दिवेवाल्यानं माझ्या पाठीशी तापत्या सळ्यांची पेटी बसवली. फार तापवायची नाही, कुणाला जास्त वेळ बसू द्यायचं नाही, आजारी माणसाला आत सोडायचंच नाही, हे एका नर्सबाईंनी आधीच बजावलं होतं. त्या स्वतः दारात पाण्याचा माठ घेऊन बसल्या. मग लोक आत आले. खुर्चीत बसले. माझा वारा लागताच सवयीनं हसले. थोड्या वेळानं हसू गेलं, डोळे बारीक झाले. ओठ चाटले. तोंड फिरवून पाहिलं, तरी झळ लागतच होती. आणि मग, मित्रांनो, प्रत्येकाचा हात उठला. म्हातारा असो, पोर असो, कालचे साहेब असोत. प्रत्येकानं माझी मान धरली आणि मला भिंतीकडे वळवलं.

मला काही वाटलं नाही. मी एवढंच पाहत होतो, की हात तसाच उठतो.

बाहेर नर्सबाई पाणी द्यायच्या आणि एकच विचारायच्या: "दुपारी तुमच्या घरी वरच्या मजल्यावर कोण बसलेलं असतं?" बरेच जण लगेच फोन काढायचे. साहेब आईला फोनवर मोठ्यानं सांगत होते, "अगं, पंख्यावर राहू नकोस. खाली काकांकडे जाऊन बस. का म्हणजे? मी सांगतो म्हणून!"

वहिनी येणार नाही, असं मी धरून चाललो होतो. प्रदर्शन संपत आलं तेव्हा ती आली. कारखान्यातून परस्पर, बोटांना टाचण्यांचे ओरखडे तसेच.

"आले. बघते आणि जाते."

"काकू, तुम्ही खुर्चीत बसायलाच पाहिजे असं नाही," भिंगरी म्हणाली.

"मग कुठं बसू? खुर्ची आमचीच आहे."

ती बसली. पडद्यावर काच पांढरी झाली. मी खडखडत तिच्या तोंडावर तापलेली हवा टाकू लागलो. तिचा चेहरा बदलला नाही. वर्षभर जसा होता तसाच, इस्त्री केल्यासारखा. बाकीचे हसतात तशी ती हसली नाही, डोळे बारीक केले नाहीत. इतरांचे हात उठायची वेळ होऊन गेली. ती बसूनच.

"काकू, पुरे. या बाहेर," दिवेवाला दारातून म्हणाला.

तिनं ऐकलं नसावं. ती माझ्याकडे पाहत होती. आणि मग हात उठला. तिनं उचललाय असं वाटलं नाही, तो आपला उठला. माझी मान धरली. करकर झाली. माझं तोंड भिंतीकडे गेलं.

"पुरे," ती म्हणाली.

मला आता फक्त भिंत दिसत होती, पण माझ्या मानेवरचा तिचा हात निघाला नाही. बोट त्या चटक्यावर होतं.

"रुसल्या नव्हत्या," ती म्हणाली. "वन्सं रुसल्या नव्हत्या."

भिंगरीनं तिला बाहेर नेलं, माठातलं पाणी दिलं. पडद्यापलीकडून मला ऐकू येत होतं.

"भाजत होतं हो त्यांना. मी आले तेव्हा हा भिंतीकडे होता. मला वाटलं, सकाळचं भांडण डोक्यात धरून त्यांनी माझा वारासुद्धा परत केला. तुझा तुलाच लखलाभ म्हणाल्या होत्या. वर्षभर मी मनात त्यांच्याशी भांडतेय, आणि त्यांना नुसतं भाजत होतं."

"काकू, तुम्हाला माहीत नव्हतं," भिंगरी म्हणाली.

"माहीत नव्हतंच. आता झालं." ग्लास ठेवल्याचा आवाज आला. "उद्या पाणी द्यायला कोण बसणारे? नर्सबाई एकट्याच? मी येते."

ती आली. शेवटच्या दिवसापर्यंत आली. आतून येणाऱ्या प्रत्येकाला पाणी द्यायची आणि नर्सबाईंचा प्रश्न स्वतःच विचारायची. कुणी "आमच्याकडे पंखा आहे" म्हणालं तर म्हणायची, "आमच्याकडेही होता."

प्रदर्शन उठलं तेव्हा तिनं मला आणि खुर्चीला घरी नेलं. निघण्याआधी दिवेवाल्यानं माझी मान उघडली, आतलं मोडलेलं चाक बदललं. "आजोबा, आता तुम्ही परत दोन्हीकडे बघणार," तो म्हणाला.

आता वहिनी पुन्हा घरीच गठ्ठे आणून इस्त्री करते. ऊन मुक्कामाला येतं तेव्हा ती दुपारी मला बंद करते. "तू बस गप्प," म्हणते. खालच्या शेजारणीला हाक मारते, दोघी ओले रुमाल मानेवर टाकून रस्त्यापलीकडच्या वाचनालयाच्या गार तळघरात जाऊन बसतात. वाटेत आणखी दोन दारं वाजवतात.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या पंख्याचं एवढं ऐका. आमची पाती पुसा, आम्ही तुमच्यासाठी फिरत राहू. पण आमच्या भरवशावर कुणाला कोंडून ठेवू नका. पाठीमागची हवा आधी बघा. आणि कुणी आपल्याला पाठमोरं झालेलं दिसलं, तर ते रुसलंय असं लगेच धरू नका. जवळ जाऊन हात लावून बघा, त्याला भाजत तर नाही ना.

संध्याकाळी बाहेर गारवा आला की वहिनी खिडक्या उघडते, मला लावते आणि इस्त्री घेते. माझी मान वळते. वारा आधी तिच्याकडे जातो, मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे, मग परत तिच्याकडे.

"फुकट फिरतोय मेला," ती म्हणते. माझ्या पाठीवरची खुंटी वर ओढली की मान एका जागी थांबते, हे तिला ठाऊक आहे. ती ओढत नाही.

कधी टाचण्या ओठांत धरून गुणगुणते, *इस्तरी फिरते बाई, कॉलरच्या कडेकडे.* दुसरी ओळ म्हणत नाही. तेवढ्यात मी खुर्चीकडे पोचलेला असतो, आणि तिथं मी थोडा जास्त वेळ थांबतो, असं तिला वाटतं.